मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गिटार एक गाणं संपेपर्यंतसुद्धा ट्यून राहत नाही

बर्डीचा_रिफ (सोमवार, रात्री ११:५०)
नमस्कार मंडळी, डोकं पार फिरून राहिलं म्हणून इथे लिहितो आहे. माझी गिटार ट्यून राहतच नाही. ट्यून करतो, एक गाणं वाजवतो, संपेपर्यंत बेसूर. परत करतो, परत तेच. महिन्याभरात दोनदा तारा बदलल्या, फरक शून्य. शनिवारी इथे नागपुरात सदरला एका कॅफेत आमच्या बँडचा प्रोग्राम आहे, ९ गाणी आहेत आणि मी दर गाण्यानंतर लोकांना थांबवून ट्यूनर लावून बसू शकत नाही ना. व्हिडिओ पाहून पाहून थकलो, सगळे तेच तेच सांगतात. कृपया नवीन गिटार घे असं कोणी सांगू नका, बजेट नाही. कोणाला नक्की माहीत असेल त्यानेच सांगा, आणि लवकर.

चौथा_पडदा (सोमवार, रात्री १२:०५)
अहो, पण गिटार कोणती? ब्रिज (खालच्या टोकाला तारा बसतात तो भाग) फिक्स आहे की ट्रेमोलोवाला, म्हणजे दांडीने हलणारा? तारा कोणत्या गेजच्या, म्हणजे किती जाड? सहाच्या सहा बिघडतात की एखादीच? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिघडते तेव्हा तार चढते की उतरते? यातलं काहीच नाही लिहिलंत, मग सांगणार तरी काय.

लोखंडी_रिदम (सोमवार, रात्री १२:२०)
भाऊ सरळ लॉकिंग ट्यूनर टाक, म्हणजे तार पकडून ठेवणाऱ्या चाव्या. मी गेल्या वर्षी टाकले, तेव्हापासून गिटारला हात लावावा लागत नाही. स्वस्तातल्या गिटारीचे ट्यूनर कचरा असतात, तेच सुटत असणार. बाकी काही शोधत बसू नको.

बर्डीचा_रिफ (मंगळवार, सकाळी ७:१०)
इलेक्ट्रिक म्हटलं ना दादा. स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) टाइप आहे, काळी. तारा चांगल्या कंपनीच्या आहेत, दुकानदाराने सांगितल्या त्याच घेतल्या. बिघडते म्हणजे बिघडते, चढते का उतरते ते नाही पाहिलं, ट्यूनर लाल दाखवतो. लॉकिंग ट्यूनरचे पैसे असते तर विचारलंच नसतं.

सतार_आणि_मी (मंगळवार, सकाळी ९:३०)
बाळा, मी ४० वर्षं सतार वाजवतो आहे. खुंटी घसरायला लागली की आम्ही ती काढून खडू घासतो, मग घट्ट बसते. तुझ्या गिटारीलाही तसंच करून बघ. आणि बारीक सुरासाठी आमच्याकडे तारेत ओवलेला मणका असतो, तो वरखाली केला की केसभर फरक नीट साधता येतो. गिटारीत अशी सोय का नाही करत कोण जाणे.

गियरवाला_नाग (मंगळवार, सकाळी ९:५५)
काका तुमचा मान राखून सांगतो, खडू अजिबात लावू नको रे कोणी. सतारीची खुंटी लाकडात लाकूड अशी घर्षणावर टिकते म्हणून खडू चालतो. गिटारच्या चावीत पेच आणि दातेरी चक्र असतं, १४ किंवा १८ फेरे फिरवले तेव्हा कुठे तार गुंडाळलेला खांब एक फेरा फिरतो. हे गियर तारेच्या ओढीने उलटं फिरत नाही. त्यामुळे चावी घसरते असं जे सगळे म्हणतात ते निदान बहुतेक वेळा चूकच असतं. खडूची पूड गियरमध्ये गेली तर उलट नुकसान. आणि काका, मणक्यासारखी सोय गिटारीतही आहे, फ्लॉइड रोज ब्रिजला फाइन ट्यूनर असतात, पण तो ब्रिज याच्याकडे नाही.

सतार_आणि_मी (मंगळवार, सकाळी १०:१५)
बरं, चक्र असतं हे मला माहीत नव्हतं. पण तार नवी असेल तर ती ताणून घेतलीच पाहिजे, हे तर सगळ्या तंतुवाद्यांना लागू आहे. आमच्याकडे नवी तार चढवली की दोन दिवस ती सुरात बसतच नाही.

गियरवाला_नाग (मंगळवार, सकाळी १०:२०)
हे एकदम बरोबर काका. रिफ, तू नवीन तार लावल्यावर ओढून घेतोस का? १२व्या फ्रेटच्या वर बोटांनी धरून हळूच उचलायची, परत ट्यून करायची, पुन्हा ओढायची, सूर उतरायचा थांबेपर्यंत. आणि खांबाला किती वेढे आहेत? साध्या तारांना दोन-तीन, जाड तारांना दोन पुरे, एकावर एक चढलेले नको.

लोखंडी_रिदम (मंगळवार, सकाळी १०:४०)
वेढ्यांचा त्रासच नको म्हणून तर लॉकिंग सांगून राहिलो. वेढाच नाही तर घसरणार काय?

चौथा_पडदा (मंगळवार, सकाळी ११:००)
पण तार अडकते नटमध्ये (मानेच्या वरच्या टोकाची खाचा असलेली पट्टी), वेढ्यात नाही. लॉकिंग ट्यूनरने नट सुधारत नाही. तुमच्या गिटारचं नट आधीपासून नीट असेल म्हणून फरक पडला असेल.

लोखंडी_रिदम (मंगळवार, सकाळी ११:१०)
माझ्या गिटारचं नट तुम्ही कधी पाहिलं? मी स्वतःचा अनुभव सांगतो आहे.

दुसरा_कॉर्ड (मंगळवार, दुपारी १:००)
मदत म्हणून सांगते, ड्रॉप डी ट्यूनिंग करायचं असेल तर फक्त सहावी तार ई वरून डी वर आणायची, बाकीच्या पाच तशाच राहतात. एक पूर्ण स्वर खाली. रिदमला फार जड आवाज येतो, पॉवर कॉर्ड एका बोटाने लागतात.

बर्डीचा_रिफ (मंगळवार, दुपारी २:३०)
ताई मला ड्रॉप डी नको, मला स्टँडर्डमध्येच राहायचं आहे. राहतच नाही हा प्रॉब्लेम आहे. आता ऑफिसमधून लिहितो आहे, काल रात्री तारा ओढून घेतल्या होत्या, वेढे तीन तीन आहेत. ट्रेमोलो आहे पण दांडी कपाटात आहे, मी वापरतच नाही. एक तार लावली की दुसरी उतरते हे मात्र आहे, सहावी लावून पहिलीकडे यावं तर सगळं परत.

चौथा_पडदा (मंगळवार, दुपारी २:४५)
हे आधी सांगायला हवं होतं! एक लावली की दुसरी उतरते म्हणजे तुमचा ब्रिज तरंगतो आहे. एका बाजूला तारांची ओढ, दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगची, आणि ब्रिज मध्ये तोल सांभाळतो. एका तारेचा ताण वाढला की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच सैल होतात. बेंड मारताना, म्हणजे तार बोटाने बाजूला ताणून सूर चढवतानाही हेच होतं. बाजूने बघा, ब्रिजची मागची कड लाकडावरून उचललेली आहे का? आणि पुन्हा विचारतो, तारा कोणत्या गेजच्या? आधी कोणत्या होत्या?

बर्डीचा_रिफ (मंगळवार, रात्री १०:००)
हाव, मागून उचललेली आहे, चांगलं एक नाणं जाईल एवढी. आधी सपाट होती असं आठवते. तारा १० च्या आहेत, आधी ९ च्या होत्या. दुकानात सांगितलं की जाड तार ट्यून धरून ठेवते म्हणून १० लावल्या. हे महत्त्वाचं आहे का? मला वाटलं तारा तारा असतात.

गियरवाला_नाग (मंगळवार, रात्री १०:१५)
बाप्पा, हेच तर आहे सगळं. ९-४२ चा सेट (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच, सगळ्यात जाड ०.०४२) स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये मिळून साधारण ३८ किलो ओढ देतो, १०-४६ चा साधारण ४६ किलो. ८ किलो वाढले, मागच्या स्प्रिंग तेवढ्याच, म्हणून ब्रिज उचलला गेला. जाड तार ट्यून धरते हे अर्धंच खरं. गिटार त्या तारेसाठी सेट केलेली असेल तर धरते, नाही तर उलट.

दुसरं, नट. कारखान्यातून त्याच्या खाचा बहुतेक ९ साठी कापलेल्या असणार. तुझी चौथी तार ०.०२४ इंचांची होती ती आता ०.०२६ झाली, आणि ती गुंडाळलेली तार असल्याने तिच्या कड्या खाचेत अडकतात. ट्यून करताना टिंग किंवा टिक असा आवाज येतो का? सूर वाढतच नाही आणि मग एकदम उडी मारतो, असं होतं का?

आता चढते की उतरते ते पाहा, त्यातच उत्तर आहे. बेंड मारताना चावीकडची थोडी तार नटमधून पुढे ओढली जाते. सोडल्यावर ती अडकून परत गेली नाही तर सूर उतरलेला राहतो. मग नटच्या मागे, चावी आणि नटच्या मध्ये, तार बोटानं दाबून सोड. सूर परत वर आला तर गुन्हेगार नटच, चावी नाही. ट्रेमोलोची दांडी दाबली तर उलट, अडकलेली तार चढलेली राहते.

वर्धारोडकर (मंगळवार, रात्री १०:४०)
एक कोणीच बोललं नाही ते मी सांगतो. सध्या नागपूरला मे चाललाय. प्रॅक्टिस कूलरसमोर करता का? मी करायचो. खोलीत थंड आणि दमट, बाहेर ४५ डिग्री. थंड खोलीत ट्यून केलेली गिटार गरम हॉलमध्ये नेली की तार तापून सैल पडते, सूर खाली येतो, वरून स्टेजचे दिवे. आणि कूलरच्या दमट हवेने तारांना गंज लागायला वेळ लागत नाही. प्रोग्रामच्या दिवशी गिटार निदान अर्धा तास आधी स्टेजजवळ ठेव, केसमधून बाहेर, आणि तिथेच ट्यून कर. घरी ट्यून करून निघायचं नाही.

बर्डीचा_रिफ (मंगळवार, रात्री ११:३०)
टिंग येतो!! तिसरीला आणि चौथीला येतो, मला वाटायचं तसाच येतो. तुम्ही सांगितलं तसं केलं, तिसरी बेंड केली, उतरली, नटमागे दाबली तर जवळजवळ परत आली. कूलरसमोरच करतो, दुसरं करणार काय, त्याशिवाय या उन्हात बसताच येत नाही. आता करू काय ते सांगा, मला ९ च्या तारा परत घ्याव्या लागतील का?

चौथा_पडदा (बुधवार, सकाळी ८:००)
९ परत लावणं सगळ्यात सोपं. पण १० आवडत असतील तर दोन कामं आहेत.

दांडी वापरत नाही ना, मग ब्रिज लाकडावर बसवून टाका. मागचं कव्हर उघडा, तारा बऱ्याच सैल करा, आत दोन लांब स्क्रूवर एक पट्टी आहे, त्या पट्टीला स्प्रिंग अडकवलेल्या असतात. दोन्ही स्क्रू थोडे थोडे सारखेच आवळा, मग तारा लावून बघा, ब्रिज सपाट बसेपर्यंत. तीनच स्प्रिंग असतील तर आणखी दोन टाका, पाचांची जागा असते. ब्रिज खाली आला की तारा फ्रेटच्या जवळ येतील आणि खरखर येऊ शकते, तसं झालं तर सॅडल (ब्रिजवरचे तारा टेकतात ते छोटे तुकडे) थोडे वर घ्या आणि १२व्या फ्रेटवर सूर तपासा.

वर्धारोडकर (बुधवार, सकाळी ८:२०)
याला ट्रेमोलो म्हणणंच चूक आहे खरं तर. ट्रेमोलो म्हणजे आवाज कमीजास्त होणं, सूर हलणं म्हणजे व्हायब्रॅटो. फेंडरने १९५४ मध्ये स्ट्रॅट आणली तेव्हापासून उलटं नाव चिकटलं आणि त्यांच्याच काही अ‍ॅम्पवर ट्रेमोलोला व्हायब्रॅटो लिहिलंय.

लोखंडी_रिदम (बुधवार, सकाळी ८:४५)
नावाने काय फरक पडतो भाऊ, शनिवार जवळ आला आहे. रिफ, मला पटलं की तुझ्या केसमध्ये नट आहे, पण नंतर कधी पैसे आले तर लॉकिंग घेच, तार बदलायला ५ मिनिटं लागतात.

गियरवाला_नाग (बुधवार, सकाळी ९:३०)
नटचं मी सांगतो, कारण तिथे घाई केली की नट बाद होतं. आधी फक्त पेन्सिल वापर. मऊ शिसाची, ४बी वगैरे, खाचेत टोक फिरवायचं, काळी पूड आत बसली पाहिजे, मग तार परत ठेवायची. ग्रॅफाइटने तार घसरते. तेवढ्याने काम झालं तर थांब. नाही झालं तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर जुन्या तारेभोवती एकदाच गुंडाळ आणि खाच फक्त बाजूने रुंद कर, खोल नाही. खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खणखणेल आणि मग नटच बदलावं लागेल. एक-दोन हात मारायचे, तार ठेवून बघायची. हात चावीच्या दिशेने थोडा खाली झुकलेला ठेव, नाही तर तार खाचेच्या मधूनच सुटल्यासारखी सितारीसारखी वाजेल.

आणि ट्यून करताना नेहमी खालून वर ये. सूर जास्त झाला तर खाली उतर, पुरेसा खाली, आणि परत वर चढव. वरून उतरवून थांबलास तर गियरमध्ये राहिलेली ढिलाई पहिल्या बेंडला निघते.

सतार_आणि_मी (बुधवार, सकाळी १०:००)
सतारीसारखी वाजली तर मला सांग, आमच्याकडे तो झंकार यावा म्हणून मुद्दाम घोडी घासून जवारी काढतात!

नवी_आई (बुधवार, दुपारी १२:१०)
इथे विचारावं की नाही माहीत नाही, पण माझ्या मुलीला (वय ११) गिटार शिकायची आहे, मनीषनगरकडे कोणी शिकवतं का? आणि सुरुवात इलेक्ट्रिकवर करावी की साध्यावर?

दुसरा_कॉर्ड (बुधवार, दुपारी १२:३०)
ताई वेगळा धागा काढा, तिथे नक्की सांगेन. नायलॉन तारांची घ्या पण, मुलांच्या बोटांना लागत नाही.

बर्डीचा_रिफ (शुक्रवार, रात्री १:१५)
अपडेट देतो. आधी सॉरी, सोमवारी मी जरा तोडून बोललो, डोकं ठिकाणावर नव्हतं. स्प्रिंगच्या दोन जास्तीच्या एका मित्राच्या जुन्या गिटारीतून काढल्या, आता पाच आहेत, ब्रिज सपाट बसला. आता एक तार लावली तर दुसरी हलत नाही, हे पाहून मला केवढं बरं वाटलं सांगू शकत नाही. पेन्सिलने तिसरी तर पूर्ण सुधारली. चौथीला पॉलिश पेपरचे दोन हात मारले, अंगाला घाम आला पण खणखणली नाही. आज पाच गाणी सलग वाजवली, तिसरी-चौथी तिथेच. आता फक्त दुसरी बेंडनंतर थोडी उतरते. पेन्सिल तिलाही लावली नटमध्ये, नटमागे दाबलं की येते परत. काय राहून गेलं?

गियरवाला_नाग (शुक्रवार, रात्री १:३०)
झोपला नाहीस अजून! हेडस्टॉकवर (चाव्या असतात त्या टोकावर) पहिल्या-दुसऱ्या तारांना खाली दाबणारी छोटी पट्टी आहे ना, स्ट्रिंग ट्री. दुसरी तार त्याखाली घासून जाते. तिथेही तारेखाली पेन्सिल फिरव.

बर्डीचा_रिफ (शुक्रवार, रात्री १:५०)
लावली. दहा बेंड मारले. हलली नाही. उद्या संध्याकाळी साडेपाचला जाऊन गिटार स्टेजवर ठेवतो, ७ ला सुरू आहे. नागपूरचे कोणी असाल तर या.