अमेरिकेत प्रथमच हरीण आणि रानबदकांच्या शिकारीला जाताना कोणते नियम आधी वाचावेत?

प्रश्न

नमस्कार. मी कामाच्या व्हिसावर अमेरिकेत आहे आणि एका सहकाऱ्याने येत्या हंगामात हरणांच्या व नंतर रानबदकांच्या शिकारीला सोबत येण्यास सुचवले आहे. राज्याच्या नियमपुस्तिकेत धनुष्य, ठासणीची बंदूक आणि रायफल यांचे हंगाम वेगवेगळे दिले आहेत, तर पक्ष्यांचे नियम निराळेच दिसतात. अजाणता नियममोड होऊ नये, म्हणून सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

सर्वप्रथम स्वतःचा व्हिसा पाहा. बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक जवळ बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्यातील मोजक्या अपवादांपैकी एक आहे. त्यामुळे परवाना हाती येईपर्यंत सहकाऱ्याची बंदूक नुसती पाहण्यासाठीही हातात घेऊ नका आणि शंका असल्यास वकिलाला विचारा.

हरणांचे नियम प्रत्येक राज्य ठरवते. रानबदके मात्र सीमा ओलांडून येतात, म्हणून त्यांच्यावर 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचा अंमल चालतो आणि राज्याला केंद्राने आखलेल्या चौकटीतच हंगाम ठरवावा लागतो. सोळा किंवा त्याहून अधिक वयाच्या शिकाऱ्याला राज्याच्या परवान्याखेरीज 25 डॉलरचे केंद्रीय बदक-तिकीट (डक स्टॅम्प, म्हणजे टपाल-तिकिटासारखे शिकारीचे शुल्क-तिकीट) लागते. कागदी तिकीट असेल तर त्यावर शाईने सही हवी. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत. शिशाचे छर्रे पाणपक्ष्यांसाठी 1991 पासून देशभर बंद आहेत, कारण तळ्याच्या गाळात पडलेले छर्रे खड्यांसोबत गिळून बदकांना विषबाधा होत असे. खिशात चुकून राहिलेले शिशाचे एखादे जुने काडतूसही गुन्हा ठरू शकते, म्हणून जॅकेटचे सगळे खिसे आदल्या रात्रीच रिकामे करा.

पक्ष्यांना आमिष म्हणून दाणे टाकलेल्या जागी बसणे तर टाळाच, कारण दाणे उचलल्यानंतरही ती जागा दहा दिवस निषिद्धच मानली जाते. दिवसाला किती बदके मारता येतात, ही मर्यादा जातीनुसार, काही ठिकाणी नर-मादीनुसारही बदलते. म्हणूनच बदक घरी नेईपर्यंत त्याचे डोके किंवा एक पंख पिसांसह तसाच ठेवावा लागतो. पहाटेच्या अंधुक उजेडात जात ओळखू आली नाही, तर गोळी झाडू नये, हे माझे ठाम मत आहे.

उत्तर २

हरणांबाबत थोडी भर घालतो. परवान्यावर नर की मादी, हे नीट वाचा. अनेक राज्यांत हरीण पडल्यावर ते जागेवरून हलवण्याआधीच टॅगवर (परवान्यासोबतच्या चिठ्ठीवर) तारीख लिहून तो बांधावा लागतो; तेव्हा बोटे गारठलेली असतात, म्हणून पेन आणि दोरी वरच्या खिशातच ठेवा. इतर शिकाऱ्यांना आपण दिसावे म्हणून घालायचे नारिंगी जॅकेट कुठे, किती सक्तीचे आहे, ते तपासा; सक्ती नसली तरी घाला. हरणांमधील मेंदूच्या रोगामुळे डोके आणि पाठीचा कणा राज्याबाहेर नेण्यास पुष्कळ ठिकाणी बंदी आहे, तेव्हा परतीचा रस्ता दुसऱ्या राज्यातून जात असेल तर त्या राज्याचाही नियम पाहून ठेवा.