चोरांनी ‘हिप्नोटाइझ’ केलं, असं खरंच होतं का?

कुकरची_शिट्टी:
आमच्या सोसायटीतल्या काकूंच्या पाटल्या गेल्या. भाजी घेऊन येताना दोघांनी अडवलं. “आजी, आम्ही पोलीस. पुढे लूटमार झालीय, दागिने काढून ठेवा.” काकूंनी स्वतःच्या हाताने काढून दिल्या, त्यांनी कागदात बांधून परत दिल्या. घरी येऊन पुडी सोडली तर आत खडी. तेव्हापासून जो तो म्हणतोय, हिप्नोटाइझ केलं. काकूही तेच म्हणतात.

मला हे पटत नाही, कारण पोटाच्या जुन्या दुखण्यासाठी (डॉक्टरांच्या भाषेत आयबीएस) मी स्वतः संमोहनाची आठ सेशन घेतलीत. तिथे कुणी लंबक हलवला नाही. पोटावर हात ठेवा, हाताची ऊब आत उतरतेय, पोटातून संथ नदी वाहतेय, असं बाई सावकाश सांगत राहायच्या. मी गुंगलो होतो, पण झोपलो नव्हतो. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजत होतो! पाचवी झाली तेव्हा मनात आलं, यांची डाळ करपणार आज. (आयडी तिथूनच आला.)

हा झोपेचा घोळ नावातच आहे. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या सर्जनने १८४१ मध्ये असले प्रयोग पाहिले आणि पुढे ग्रीक ‘झोप’वरून ‘हिप्नोटिझम’ हे नाव रूढ केलं. ही झोप नाही, मन एकाच कल्पनेवर खिळणं आहे, हे लक्षात आल्यावर त्यानेच नाव बदलायचा प्रयत्न केला. तोवर उशीर झाला होता. आपल्या शब्दात तर ‘मोह’च बसलाय, त्यामुळे मोहिनी, वशीकरण सगळं मागोमाग येतं.

सातारी_मिरची:
एसी खोलीत बसून आठ सेशन घेणाऱ्याने हे लिहावं! माझे वडील निवृत्त हेडमास्तर, हिशेबाला पक्के, रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडणारे. त्यांनी एसटी स्टँडवर एका अनोळखी माणसाला गळ्यातली चेन काढून दिली. “डोकं सुन्न झालं होतं” एवढंच सांगतात. मग काय, ते बावळट?

कुकरची_शिट्टी:
बावळट कोण म्हणालं?

सातारी_मिरची:
तुमच्या लिहिण्याचा अर्थ तोच होतो.

मनाचा_मिस्त्री:
मी मानसोपचार करतो, मध्ये पडतो. सुन्न होणं खरंच आहे. खाकीचा धाक, घाई, विचार करायला सवडच द्यायची नाही, या सगळ्यात भल्याभल्यांचं भान एका टोकाला आकसतं. पण त्याला फसवणूक म्हणतात. आमच्याकडे स्वतःहून आलेला, पैसे मोजून खुर्चीत बसलेला माणूससुद्धा मनाविरुद्धची सूचना झटकतो. दोन मिनिटांत रस्त्यावर कुणी कुणाला वश करू शकत असता तर मी हप्ते भरत बसलो नसतो.

आणि हो, लवकर संमोहित होणारा म्हणजे कमकुवत मनाचा, हेही खोटं. स्टॅनफर्डला १९५९ मध्ये याची मोजपट्टीच तयार झाली. काही जण चटकन जातात, काही अजिबात नाही, बहुतेक मधले. स्टेजवर कांदा सफरचंद म्हणून खाणारे याच पहिल्या गटातले. शोच्या सुरुवातीला सगळ्यांना बोटं गुंफायला लावतात, सुटणार नाहीत म्हणतात ना? ज्यांची खरंच सुटत नाहीत, त्यांनाच वर बोलावतात. ती निवड असते.

लिंबू_मिरची_नको:
मुद्दा बरोबर, पण उपचार म्हणून याला डोक्यावर घेऊ नका. मेस्मर नावाचा डॉक्टर अदृश्य चुंबकशक्तीने रोग बरे करतो म्हणायचा; त्याचं ‘मेस्मेरिझम’ म्हणजे संमोहनाचा पूर्वज. १७८४ मध्ये त्याच्या पद्धतीची पॅरिसमध्ये चौकशी झाली. समितीत फ्रँकलिन, लाव्हाझिए असले शास्त्रज्ञ. त्या पद्धतीने ‘चुंबकीय’ केलेलं झाड शोधायला एका पोराला बागेत सोडलं, तर तो भलत्याच झाडाजवळ बेशुद्ध पडला. निष्कर्ष काय, तर कल्पनेचा खेळ. आपल्याकडे एस्डेल या सर्जन साहेबाने बंगालात हुगळीला १८४५ पासून मेस्मेरिझमखाली मोठमोठ्या गाठी कापल्या, पण भूल द्यायला क्लोरोफॉर्म आल्यावर त्याला कोण विचारतंय?

कुकरची_शिट्टी:
कल्पनेचा खेळ आहेच! कल्पनेने पोर बेशुद्ध पडत असेल, तर कल्पनेने आतडी का सैल होणार नाहीत? १९८४ मध्ये मँचेस्टरलाच आयबीएसच्या ३० हट्टी रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना संमोहन, निम्म्यांना समुपदेशन आणि खोट्या गोळ्या. संमोहनवाले कितीतरी जास्त सुधारले.

लिंबू_मिरची_नको:
३० माणसं! आमच्या लग्नाच्या पंगतीत याहून जास्त होती.

मनाचा_मिस्त्री:
त्यानंतर आणखी कामं झालीत. वर्षभर औषधांनी फरक न पडलेल्या आयबीएससाठी ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत संमोहन हा एक पर्याय आहे. कॅन्सर घालवतो म्हणणाऱ्याला मात्र हाकला.

शालू_पैठणी:
माझ्या मावसबहिणीला एकांनी मागच्या जन्मात नेलं होतं. ती शनिवारवाड्यात होती म्हणे. सगळं डोळ्यांसमोर दिसलं तिला. हे कसं खोटं म्हणणार?

लिंबू_मिरची_नको:
वाड्यात भांडी घासणारी पण कुणीतरी असेल ना? तिचा पुनर्जन्म होत नाही का?

मनाचा_मिस्त्री:
ताई, तिला दिसलं हे खरं असेल. पण संमोहनात आठवण जास्त बरोबर होत नाही, फक्त खात्री वाढते. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९८५ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. आपल्याकडे २००३ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने संमोहन ही उपचाराची रीत मानली, पण योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच करावी अशा अटीवर. भिंतीवर तीन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम केलेलं दिसलं तर उठून या.

सातारी_मिरची:
अप्पांना हा धागा वाचायला दिला. वाचून म्हणाले, “म्हणजे मीच दिली.” आणि गॅलरीत जाऊन बसले. हिप्नोटाइझ केलं म्हणून सोडून दिलं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं?

कुकरची_शिट्टी:
माझं काहीच नाही. चुकलं असेल तर माफ करा. एक विचारतो, त्यांना तो माणूस आठवतो का?

सातारी_मिरची:
न आठवायला काय झालं? डाव्या मनगटावर गोंदण, चपलेचा अंगठा तुटलेला, ‘सर’ म्हणताना अडखळत होता. शाळेतल्या पोरासारखं सगळं टिपलंय.

मनाचा_मिस्त्री:
तक्रारीत काय लिहिलंय?

सातारी_मिरची:
‘गुंगी आल्याने काही आठवत नाही.’ उद्या त्यांना घेऊन पुन्हा चौकीवर जातो.