मदत हवी आहे: 'इलेक्ट्रोफोरेसिस' कसं तोडायचं, कसं म्हणायचं?

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या आशाताईंसाठी सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) भिंततक्ता करतो आहोत. अडलंय 'हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस' या रक्ततपासणीच्या नावावर.

आधीची सोल्युबिलिटी चाचणी वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) असा फरक सांगत नाही, तो या तपासणीत कळतो. म्हणून हे नाव गावात नीट सांगता आलंच पाहिजे. अर्धवट 'इलेक्ट्रो' ऐकलं की बाया म्हणतात, करंट देतेत का? करंट असतो, पण काढलेल्या रक्ताच्या नमुन्याला, माणसाला नाही.

तोडणी आम्ही अशी धरली: इ-लेक्-ट्रो-फो-रे-सिस. लिपीच्या सवयीनं 'इ-ले-क्ट्रो' तोडलं की 'क्ट्रो' सुरुवातीलाच येतो न् जीभ अडखळते. मग 'इलेक्टरो' होतं. 'लेक्'वर थांबून 'ट्रो' म्हटलं की सुटतं. सराव मागून: सिस, रेसिस, फोरेसिस, मग पूर्ण. सुरुवातीपासून घोकलं की शेपूट गिळलं जाते.

आता प्रश्न. इंग्रजी कोशात जोर शब्दाच्या पाचव्या तुकड्यावर ('रे'वर) आणि त्याचा उच्चार 'री'. आपल्याकडे रिपोर्ट, पत्रकं सगळीकडे 'रे'. तक्त्यावर काय छापावं? माझं मत 'रे', कारण रिपोर्टशी जुळलं पाहिजे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी सांगावं, 'री' ऐकून कोणी गोंधळतं का?

दुसरं, ओळ तुटली तर 'इलेक्ट्रो-' नंतरच तोडायची ना? डीटीपीवाला 'इलेक्-' वर तोडतो, अन् पाय मोडलेला क् ओळीच्या टोकाला लटकतो.