'पाचच मिनिटांत येतो' : बंद गाडीतल्या कुत्र्यांबद्दल तुमचे अनुभव लिहा

ऊन तापायला लागलं की पार्किंगमध्ये कुठल्या तरी गाडीच्या काचेआड एखादं नाक दिसतंच. कुत्र्याला गाडीत ठेवून जाणारे लोक निर्दय नसतात, उलट त्याला घरी एकटं सोडणं जिवावर येतं म्हणूनच त्यांनी त्याला बरोबर आणलेलं असतं. काम पाच मिनिटांचं असतं, काच बोटभर खाली केलेली असते, गाडी झाडाखाली असते. आणि तरीही कुत्रा दगावतो.

आकडे एकदाच सांगून टाकते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या दिवशी उन्हात गाडी उभी करून आतलं तापमान मोजलं होतं. बाहेरची हवा २२ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान होती. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवल्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर आपल्याला छान वाटतंय अशा दिवशीही आत चाळिशी पार होते.

तुम्ही स्वतः पाहिलेलं, केलेलं लिहा. काय उपयोगी पडलं आणि काय नाही, तेही लिहा. उद्या कुणाला तरी तेच लागेल.

*

पहिला प्रतिसाद माझा. मोठ्या दुकानाबाहेरचं उघडं पार्किंग, दुपारची वेळ. शेजारच्या गाडीत काळा लॅब्रेडोर. लांबून बघितलं तर आरामात बसलाय असं वाटावं. जवळ गेल्यावर दिसलं की मागच्या काचेवर नाकाच्या उंचीला लाळेचे पट्टेच्या पट्टे ओढले गेलेत आणि दाराच्या आतल्या बाजूचं रबर कुरतडून लोंबतंय. धाप इतकी जोरात की अख्खं अंग हलत होतं. जीभ नेहमीपेक्षा रुंद आणि टोकाला वर वळलेली. काचेवर टकटक केली तर त्याने मान वळवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. नजर कुठेच नव्हती.

आम्ही तिघं अनोळखी माणसं जमलो. एकीने गाडीचा नंबर टिपला आणि दुकानात धावली, माइकवरून पुकारा करायला. दुसऱ्याने पोलिसांना फोन लावला. मी गाडीपाशीच थांबलो आणि दारं ओढून पाहिली. एक दार उघडंच निघालं! हे मुद्दाम लिहितोय, कारण काच फोडायच्या गोष्टी सगळे करतात, पण चारही दारं आणि डिकी ओढून बघायचं अशा वेळी सुचत नाही. आतून जी वाफ अंगावर आली ती अजून आठवते. त्याचा पट्टा सोडवताना सीटबेल्टच्या बकलचा हाताला चटका बसला. त्या बकलला टेकून तो बसला होता.

सावलीत आणला तर मागचे पाय लटपटत होते. जमलेल्या लोकांनी आपापल्या बाटल्या रिकाम्या केल्या, मी पुठ्ठ्याने वारा घालत होतो. मालक आले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यांना कुणी काही बोललं नाही ते बरंच झालं, कारण पुढे दवाखान्यापर्यंत गाडी त्यांनाच चालवायची होती. कुत्रा वाचला, हे नंतर दुकानातल्या माणसाकडून कळलं.

*

पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. वरच्या प्रतिसादात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे : त्यांनी आधी पाणी ओतलं, मग गाडी काढली. आमच्याकडे बहुतेक लोक उलट करतात. कुत्र्याला उचलतात आणि तसंच तापलेल्या गाडीतून धावत आणतात. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या एका अभ्यासातही हेच दिसलं होतं. उष्माघात झालेल्या कुत्र्यांपैकी जेमतेम पाचातल्या एकालाच दवाखान्यात आणण्याआधी थंड केलं गेलं होतं.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. ४१ च्या वर गेलं की मेंदू, मूत्रपिंड, यकृत, आतडी, सगळ्यांवर घाला येतो. त्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, आणि तो नावापुरता. खरं काम धापेचं. जिभेवरचा आणि श्वासनलिकेतला ओलावा उडून जातो आणि रक्त थंड होतं. बंद गाडीत त्याच्याच श्वासाने हवा दमट होत जाते. दमट हवेत ओलावा उडत नाही, मग तो आणखी जोरात धापा टाकतो, त्या धापांनीच स्नायू आणखी तापतात. म्हणून अखेरची घसरण फार वेगाने होते.

दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्याच्या हिरड्या मी आधी बघते. लालभडक असल्या तर झगडा चालू आहे. पांढरट किंवा राखी दिसल्या तर आमची धावपळ सुरू होते. लाळ घट्ट, दोरीसारखी लोंबणारी असते. उलटी, रक्ताचे जुलाब, झटके हे त्यापुढचं.

'पाणी पाजलं, आता चांगला चालतोय, उद्या आणतो' असं फोनवर सांगणाऱ्यांना मी अक्षरशः विनवते की आजच आणा. उष्णतेने रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, मूत्रपिंडं हळूहळू थांबतात, आणि ते एकदोन दिवसांनी बाहेर येतं. शेपटी हलवत घरी गेलेला कुत्रा तिसऱ्या दिवशी गेलेला मी पाहिलाय. त्या घरातल्या लहान मुलीने त्याचा पट्टा मागायला फोन केला होता.

*

ताई, एक शंका. बर्फाचं किंवा फार गार पाणी घालू नये, धक्का बसतो, असं लहानपणापासून ऐकलंय. मग कसलं पाणी घ्यायचं?

*

जे हाताशी असेल ते, फक्त कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड हवं. कोमट पाणी शोधत बसण्यात वेळ जातो. तरुण, धडधाकट कुत्रा असेल तर गार पाण्यात बुडवलेलाही चालतो, डोकं मात्र वर धरायचं. म्हातारा किंवा आधीच आजारी असेल तर अंगभर पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका. टॉवेल लगेच तापतो आणि उष्णता आतच कोंडली जाते. हे बहुतेकांना उलट माहीत असतं. शुद्धीत असेल तर पाणी पुढे ठेवा, पिईल तितकं पिऊ दे, तोंडात जबरदस्तीने ओतू नका. तापमान ३९.५ च्या आसपास आलं की पाणी ओतणं थांबवायचं, नाहीतर ते खूपच खाली घसरतं.

*

आमच्याकडे पग आहे. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांबद्दल लिहायलाच हवं. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पेकिनीज, शित्झू. यांच्या नाकपुड्या अरुंद, टाळू लांब आणि मऊ, श्वासाची वाट मुळातच चिंचोळी. जी धाप दुसऱ्या कुत्र्याला थंड करते तीच यांना दमवते. आमचा घरात पंख्याखालीही घोरल्यासारखा श्वास घेतो. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं की इतर कुत्र्यांबद्दल जे जे ऐकाल त्याच्या निम्मा वेळ धरा. त्यामुळे आम्ही नियम केलाय : जिथे त्याला आत नेता येणार नाही तिथे तो गाडीतून येतच नाही. पाहुणे म्हणतात, अगं येऊ दे की, तेवढीच त्याला हवा. मी नाही म्हणते आणि विषय संपवते.

*

एसी चालू ठेवून गेलं की झालं, असं वाटणाऱ्यांसाठी. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने तेच केलं होतं. इंजिन चालू, एसी चालू, मागच्या सीटवर दोन कुत्री. मध्येच कॉम्प्रेसर बंद पडला आणि पंखा गरम हवा फेकत राहिला. बाहेरून गाडी चालू दिसत होती, म्हणून जाणाऱ्या येणाऱ्या कुणालाच शंका आली नाही. एक कुत्रा गेला. पोलिसांच्या श्वानपथकांच्या गाड्यांत तापमान वाढलं की भोंगा वाजवून काचा आपोआप खाली करणारी यंत्रणा बसवतात ती काही हौस म्हणून नाही, एसी दगा देतो म्हणूनच. काही इलेक्ट्रिक गाड्यांत हल्ली 'डॉग मोड' असतो, मालकाला मोबाइलवर आतलं तापमान दिसतं. चांगली सोय आहे. पण मोबाइलला रेंज नसेल तर तो आकडा कोण बघणार?

*

सावलीबद्दल. सावली सरकते, एवढं तरी लक्षात ठेवा. आणि न सरकणारी सावलीसुद्धा पुरत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात कडक उन्हाळ्याच्या दिवसांत केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांपर्यंत गेली आणि डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत. सावलीतल्या गाड्यांतही आतली हवा ३८ च्या घरात होती. ऊन काचेतून सहज आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड ते शोषून घेतात आणि त्यांची धग मात्र काचेतून तशी बाहेर पडत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी एकदा बंद गाडीत इंजिन न लावता, काचा वर करून स्वतः बसून बघावं. माझ्या भावाला मी बसवलं होतं. तो दार उघडून बाहेर पडला तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता, आणि त्याला तर घाम येतो.

*

मी कुत्र्यांना प्रशिक्षण देतो. बंद गाडी हे एक टोक झालं, पण पळवून, चेंडू खेळवून दमलेल्या कुत्र्याला गाडीत बसवून 'आलोच' म्हणणं हे मला सर्रास दिसतं. त्याचं अंग आधीच तापलेलं असतं, थंड व्हायला त्याला मोकळी हवा आणि वेळ हवा असतो. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या तर उष्माघाताची सगळ्यात जास्त कारणं व्यायामाशी निगडित निघाली, गाडीशी नाही. त्यामुळे गाडी टाळली म्हणजे जबाबदारी संपली असं समजू नका. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो, धाप पूर्ण बसल्याशिवाय गाडीचं दार उघडायचं नाही.

*

मालकाशी बोलायचं कसं यावर कुणीच लिहिलं नाही. मी दुकानाच्या काउंटरवर असते, माझ्यावर ही वेळ वरचेवर येते. माइकवर 'कुत्र्याला गाडीत कोंडलंय' असं पुकारलं तर माणूस लाजून पुढेच येत नाही, गुपचूप वेगळ्या दाराने निघतो. मी फक्त गाडीचा रंग आणि नंबर सांगते आणि 'ताबडतोब गाडीपाशी या' म्हणते. येतात. बाहेर गेल्यावर 'तुमचा कुत्रा फार गोड आहे, पण त्याला श्वास जमत नाहीये, पाणी देऊ का?' एवढंच. बहुतेक जण घाबरतात, ऐकतात. जे वाद घालतात त्यांच्याशी वाद न घालता मी पाण्याचं भांडं पुढे करते, कारण तेवढ्या वेळात दार तर उघडं राहतं.

*

आणि मालक सापडलाच नाही, पोलीस यायला वेळ आहे आणि कुत्रा कोसळलाय, तर? काच फोडावी का?

*

कायदा ठिकाणाप्रमाणे वेगळा आहे, आपल्या इथला आधीच माहीत करून घ्या, ऐनवेळी नाही. उदाहरणादाखल, कॅलिफोर्नियात २०१७ पासून लागू असलेला कायदा काच फोडणाऱ्याला संरक्षण देतो, पण अटी आहेत : दार खरंच बंद असल्याची खात्री, जीव धोक्यात असल्याचं दिसणं, आधी पोलिसांना किंवा प्राणी नियंत्रण विभागाला फोन, गरजेपुरतंच बळ, आणि ते येईपर्यंत प्राण्यापाशी थांबणं. कायदा कुठलाही असो, हाच क्रम धरा. फोटो आणि व्हिडिओ घ्या, साक्षीला कुणाला तरी थांबवा.

आता फोडायची वेळ आलीच तर. मी गॅरेजमध्ये काम करतो म्हणून सांगतो. पुढची काच कधीही नाही, ती दोन थरांची असते, नुसती तडकते आणि तशीच धरून राहते. कुत्र्यापासून सगळ्यात लांबची बाजूची काच निवडा. मध्यावर मारू नका, तिथे ती लवचिक असते. कोपऱ्यापाशी, टोकदार वस्तूने. टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) काच असेल तर एकदम बारीक तुकडे होऊन खाली येते. हल्लीच्या काही गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड, म्हणजे पुढच्या काचेसारख्या दोन थरांच्या असतात, त्या अशा फुटत नाहीत. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काचेचा प्रकार छापलेला असतो, तो आधी वाचा. हाताला कापड गुंडाळा. आत हात घालून दार उघडा, कुत्र्याला फुटक्या खिडकीतून ओढू नका. आणि दार उघडण्याआधी दोरी किंवा ओढणी तयार ठेवा, घाबरलेला कुत्रा थेट रस्त्यावर धावतो.