पांगुळगाड्याचा रंग: डब्यावर '90 पीपीएम' छापलंय, तेवढ्यावर विकायला हरकत नाही ना? (बडोदा)

लाकूडकाम_बडोदा

नमस्कार मंडळी. सागवानी पांगुळगाडे, खुळखुळे आणि ढकलायची चाकाची खेळणी करतो. दिवाळीआधी पन्नास नग द्यायचे आहेत. लाकूड थोडं नवं आहे, थोडं जुन्या घरांच्या उतरवलेल्या दारांचं. काम नेहमीचंच: लांबी (भेगा बुजवायची पुट्टी), प्रायमर, वर पिवळा-लाल-हिरवा ऑइल पेंट. चाकं आणि मुठी खरादी (लाकूड चरकावर घडवणारा कारागीर) संखेड्याच्या, म्हणजे गुजरातेतल्या लाखकामाच्या गावाच्या, पद्धतीनं लाखेत रंगवून देतो. ऑइल पेंटच्या डब्यावर शिसं 90 पीपीएमच्या आत असल्याचं छापलंय. ते पुरेसं आहे, की अजून काही बघायला हवं? दात येणारं पोर सगळ्यात आधी मूठच तोंडात घालतं, म्हणून विचारतो.

रंगरसायन

डब्यावर ती ओळ आहे हे उत्तम. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम 2016 साली निघाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. पण ती ओळ फक्त त्या डब्यातल्या रंगाची हमी देते. पोर चावतं ते लांबी, प्रायमर, रंग आणि वॉर्निश असं सगळं मिळून.

90 पीपीएम म्हणजे किती, ते आधी नीट डोळ्यासमोर आणा. एक किलो सुक्या रंगात 90 मिलिग्रॅम शिसं. जुन्या पिवळ्या रंगातलं (क्रोम पिवळ्यातलं) लेड क्रोमेट वजनानं सुमारे 64 टक्के शिसंच असतं. म्हणजे किलोभर सुक्या रंगात 140 मिलिग्रॅम क्रोमेट पडलं की मर्यादा संपली. ही चिमूटसुद्धा नाही. म्हणून गफलत होते ती बहुतेक वेळा साध्या ठिकाणी: जुन्या क्रोम पिवळ्याचा ब्रश नुसता टर्पेन्टाइनमध्ये बुडवून पुन्हा वापरला, किंवा अर्धा डबा जुना आणि अर्धा नवा एकत्र केला. खेळण्यांचे ब्रश, वाट्या, गाळणी सगळं वेगळं ठेवा आणि त्यावर ठळक खूण करा.

पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा, या चारांवर खास लक्ष. लाल-नारिंगीत मोलिब्डेट ऑरेंज असू शकतं, तेही शिशाचंच. हिरवा पुष्कळदा क्रोम पिवळा आणि प्रशियन निळा मिसळून होतो, म्हणून हिरव्यात शिसं कुठून येणार असं समजू नका. शेड फार भडक हवी म्हणून दुकानदार गाड्यांचा किंवा कारखान्याचा इनॅमल पुढे करतो. 2016 चा नियम औद्योगिक रंगांना लागत नाही, तेव्हा तो डबा परत करा.

आता खालचे थर. प्रायमर घेताना 'रेड ऑक्साइड' आणि 'रेड लेड' यांत घोळ होतो. रेड ऑक्साइड लोखंडाचं. रेड लेड म्हणजे आपला अस्सल शेंदूर, वजनानं 90 टक्क्यांहून जास्त शिसं. लांबी सफेद्यात (पांढऱ्या रंगपुडीत) कालवत असाल तर सफेदा कसला ते विचारा: झिंकचा चालेल, जुन्या पद्धतीचा शिशाचा नाही. सुटं सामान गांधीकडून (आपल्याकडचा किराणा-जडीबुटीवाला) पुडीत बांधून आणू नका. पुडीवर ना बॅच, ना कंपनी, मग खात्री कशाची करणार?

लाखेचं तेच. लाख स्वतः निर्धोक; तिच्यात घोटलेली पूड कसली, हा खरा प्रश्न. संखेड्याच्या चकाकीमागे कथील असतं, ते शिसं नव्हे, पण कथिलात शिशाची भेसळ होऊ शकते. खरादीला पिवळी पूड तुम्ही स्वतः आणून द्या, सीलबंद पाकीट आणि तपासणीचा कागद यांसकट. मुठी तर मी रंगवूच नका म्हणेन. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन-तीन हात द्या, नाहीतर मेण लावा. जवसाचं तेल लावायचं असेल तर कच्चं घ्या, वाळायला कितीही दिवस लागोत. बाजारातल्या 'बॉइल्ड' तेलात धातूंचे ड्रायर (तेल लवकर वाळवणारे क्षार) असतात.

मानक_तपासणी

वरच्या माहितीत एक भर. खेळण्यांच्या मानकातही 90 हाच आकडा आहे, पण तो वेगळा 90 आहे, आणि इथे जाणकारही फसतात.

रंगाच्या नियमात एकूण शिसं मोजतात. खेळण्यांच्या मानकात, म्हणजे आयएस 9873 भाग 3 मध्ये, पोटातल्या आम्लात किती सुटतं ते मोजतात. रंग खरवडून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात, वजनाच्या 50 पट पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात 37 अंशांवर एक तास हलवतात, एक तास स्थिर ठेवतात, मग गाळून त्या पाण्यातलं शिसं मोजतात. एकूण शिसं 90 च्या आत असेल तर सुटणारं त्याहून जास्त असूच शकत नाही. उलटं मात्र खरं नाही: सुटणारं 90 च्या आत आलं म्हणून एकूणही तसंच असेल असं नाही. लॅबला पत्र देताना 'एकूण' आणि 'सुटणारं' दोन्ही मागा. नमुना तयार नगावरचा द्या, सगळे थर असलेला, प्रत्येक रंगाचा वेगळा. शिवाय भाग 3 मध्ये आणखी सात मूलद्रव्यं आहेत: कॅडमियम 75, क्रोमियम 60, पारा 60, आर्सेनिक 25 वगैरे. फक्त शिसं पास झालं म्हणजे खेळणं पास झालं नाही.

परवान्याचं: 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर आणि भौगोलिक निर्देशांकाचे (जीआय, म्हणजे ठरावीक भागाच्या मालाची नोंदणी) नोंदणीकृत वापरकर्ते यांना सूट आहे. संखेड्याला भौगोलिक निर्देशांक आहे खरा, पण खरादीचं काम तुमच्या गाड्याला लागलं म्हणून ती सूट तुम्हाला मिळत नाही. आणि सूट कागदापुरती असते, शिसं सगळ्यांना सारखंच बाधतं. पांगुळगाडा खेळणं की साधन, या वादात न पडता खेळणं धरूनच तपासून घ्या.

लाकूडकाम_बडोदा

दोघांचेही आभार. दोन 90 आहेत हे डोक्यातच नव्हतं. जुन्या दारांचं लाकूड घासूनच घेतो, ते चालेल ना? आणि सराफाकडचं सोनं तपासायचं यंत्र रंगावर धरून बघता येईल का?

बाळ_आणि_घर

घासणं थांबवा, हे आधी. जुन्या दारांवर ऑइल पेंटचे चार-पाच हात असतात आणि कोरड्या सॅंडपेपरनं त्यांचं पीठ होतं. ते पीठ हाताला, कपड्यांना लागून घरात येतं. पोटात गेलेल्या शिशातलं साधारण निम्मं लहान मूल शोषून घेतं, मोठा माणूस दहावा हिस्सा. रक्तात लोह कमी असेल तर हे शोषण आणखी वाढतं. जागतिक आरोग्य संघटना रक्तातलं शिसं 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर झालं की तिथून पुढे उगम शोधून तो बंद करायला सांगते, आणि त्या पातळीला मूल बाहेरून अगदी ठणठणीत दिसतं.

रंगाचं लाकूड खेळण्याला वापरूच नये हे बरं. शेल्फला, कपाटाच्या मागच्या बाजूला जाऊ द्या. वापरायचंच तर उघड्यावर, खाली प्लास्टिक अंथरून, पृष्ठभाग ओला करून रंध्यानं जाड साल काढा. वरचे दोन-तीन मिलिमीटर लाकूडही जाऊ द्या, कारण शिरांत रंग मुरलेला असतो. ब्लो लॅम्प लावू नका, धुरातून शिसं थेट छातीत जातं. निघालेल्या सालपटांचा बंब पेटवू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. काम झाल्यावर झाडू नको, ओल्या फडक्यानं पुसा. अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

रंगरसायन

सराफाचं यंत्र तत्त्वानं रंगातलं शिसं तपासायच्या यंत्रासारखंच, एक्स-रे फ्लुरोसन्सचं (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं), पण ते सोन्या-चांदीच्या मिश्रणासाठी बेतलेलं असतं. लाकडावरच्या पातळ थरावर ते जो आकडा दाखवेल त्यावर विसंबू नका. काळ्या पडणाऱ्या सल्फाइडच्या पट्ट्या जुन्या दाराचा अंदाज घ्यायला ठीक, पण 90 पीपीएम पकडण्याइतक्या त्या तीक्ष्ण नाहीत. पट्टी काळी पडली तर लाकूड बाजूला. नाही पडली, तरी नमुना लॅबमध्येच.