प्रतिसाद: फुलदाणीच कशाला?

गोदावरीच्या पुराची खूण मानला जाणारा नाशिकचा दुतोंड्या मारुती कमरेएवढ्या पाण्यात असताना गोदाघाटावर स्केचिंगला बसता येत नाही, हे मान्य. पण पावसाळ्यात स्केचिंगचा गट घरात जमला की चित्रासाठी समोर ‘तीच ती फुलदाणी’ असते, ही मूळ पोस्टमधली तक्रार पटली नाही. नाशकात कुणाच्या तरी माळ्यावर पितळेचं घंगाळ किंवा तांब्या असतोच. तो खिडकीशी ठेवा. चकाकीसाठी कागद कोरा सोडायचा की मेणाने राखायचा, यावर आमचा गट मनसोक्त भांडतो. माझं मत मेणाला! पांढरी मेणबत्ती घासून वरून जलरंगाचा हात फिरवा. मेणावर पाणी ठरत नाही, चकाकी खडबडीत उरते, आणि जुन्या पितळेला तीच शोभते. मात्र घासलेलं मेण खोडरबराने जात नाही.

चारकोल गुळगुळीत झेरॉक्स कागदावर धरत नाही, खरखरीत घ्या. जलरंगाला ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद. फाउंटन पेनच्या साध्या शाईवर ओला ब्रश फिरवला की करड्या-निळ्या छटा फुकटात मिळतात. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मात्र त्या पेनात भरू नका, वाळून तुंबते. तिला टाक किंवा बोरू बरा. आणि या दमट हवेत वॉश, म्हणजे रंगाचा पातळ ओला थर, लवकर वाळत नाही, तेव्हा कुणाला तरी हेअर ड्रायर आणायला सांगा.