मदत हवी आहे: रेझिन रिअ‍ॅक्टरचा सेफ्टी व्हॉल्व्हचा साइझ फक्त आगीच्या हिशोबाने काढलाय, रनअवेचं (रिअ‍ॅक्शन हाताबाहेर तापत गेली तर) काय?

नमस्कार मंडळी,

फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिनचा ५ किलोलिटरचा एसएस रिअ‍ॅक्टर आहे. आधी फिनॉल, मग कॉस्टिक, मग फॉर्मॅलिन हळूहळू सोडायचं. उष्णता जॅकेटचं पाणी आणि वरचा रिफ्लक्स कंडेन्सर काढतात. डिझाइन प्रेशर ३.५ बार. डोक्यावर दीड इंची सेफ्टी व्हॉल्व्ह, सेट प्रेशरही (ज्याला तो उघडतो) ३.५.

हॅझॉपच्या (प्लांटमधले धोके शोधायच्या अभ्यासाच्या) निमित्ताने या व्हॉल्व्हची कॅल्क्युलेशन शीट मागवली. त्यात एकच प्रसंग धरलाय: बाहेरून आग लागली, आतलं पाणी उकळलं आणि निव्वळ वाफ बाहेर पडली. वीज जाऊन कूलिंगचा पंप थांबला आणि न जिरलेलं फॉर्मॅलिन आत साठलेलं असेल, किंवा कुणी सगळं एकदम चार्ज केलं, तर काय? त्याचा उल्लेखच नाही. पुरवठादार म्हणतो, "साहेब, कोडप्रमाणे बसतंय." मला हे पटत नाही. १० सप्टेंबर १९९७ ला अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसमध्ये याच रेझिनचा रिअ‍ॅक्टर फुटला. कच्चा माल आणि कॅटॅलिस्ट एकदम घालून वर हीटिंग चालू केलं होतं. एक कामगार गेला. आमच्याकडे रात्रपाळीला त्याच मजल्यावर माणसं असतात.

रनअवेसाठी साइझिंग करायला नेमकी कोणती चाचणी करून घ्यावी?

दुसरं म्हणजे, शटडाऊनला व्हॉल्व्ह उतरवला तर इनलेटला तांबूस, कडक रेझिनचा थर. स्क्रू ड्रायव्हरने खरवडूनही निघेना. म्हणून व्हॉल्व्हखाली रप्चर डिस्क (ठरल्या प्रेशरला फुटणारी पातळ चकती) लावायचा विचार आहे. चालेल का?

आणि व्हेंट लाइन छपरावर उघडी आहे, तोंड जिन्याच्या बाजूला. गरम फिनॉल अंगावर पडलं तर ते कातडीतून आत जातं, त्यामुळे हे मला सगळ्यात जास्त खुपतंय.

प्रतिसाद

तुमची शंका अगदी रास्त आहे. रनअवेत निव्वळ वाफ बाहेर येत नाही. सोड्याची बाटली फोडल्यासारखा फेस येतो, द्रव आणि वाफ एकत्र. त्याला वाट बरीच मोठी लागते. अमेरिकन केमिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने १९७६ मध्ये 'डीआयईआरएस' हा गट उभा केला तो याच प्रश्नासाठी. त्यांच्या पद्धतीनेच साइझिंग करून घ्या.

चाचणी कमी फाय-फॅक्टरच्या (टेस्ट सेल स्वतः कमी उष्णता पिते अशा), उष्णता बाहेर जाऊ न देणाऱ्या अ‍ॅडिअ‍ॅबॅटिक कॅलरीमीटरमध्ये करा. जाड धातूची टेस्ट सेल बरीच उष्णता स्वतःच पिते आणि रनअवे आहे त्यापेक्षा मवाळ दिसतो. सॅम्पलमध्ये सगळं फॉर्मॅलिन एकदम घालायला सांगा, नाहीतर वाईटातला वाईट प्रसंग तपासलाच जाणार नाही.

तुमची सिस्टिम 'टेम्पर्ड' आहे, म्हणजे पाणी उकळून उष्णता नेतं. याचा फायदा घ्या, सेट प्रेशर खाली आणा. पाण्याच्या हिशोबाने ३.५ बार गेजला साधारण १४८ अंश, ०.७ बारला ११५ अंश. दर दहा अंशांना रिअ‍ॅक्शनचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे उशिरा उघडणं म्हणजे आठ-दहा पट वेगाने पेटलेल्या बॅचशी झुंजणं. फ्लोरिडातल्या टी-टू लॅबोरेटरीजमध्ये १९ डिसेंबर २००७ ला रनअवे होऊन स्फोटात चार जण गेले. तिथे डिस्क ४०० पीएसआयची होती. ७५ ची असती तर पहिल्याच टप्प्यात प्रेशर निघून गेलं असतं, असं तपासणीत आलं.

व्हॉल्व्हखाली डिस्क मात्र नको. फुटली तरी पुढे दीड इंचाचा गळा उरतोच. शिवाय डिस्कला पिनहोल पडलं की मधल्या जागेत प्रेशर साठतं आणि ती ठरल्यापेक्षा वर फुटते. रनअवेसाठी स्वतंत्र मोठी डिस्क द्या. शेवटी व्हॅक्यूमवर पाणी काढत असाल तर ती फुल व्हॅक्यूम सोसणारीच मागवा, हे ऑर्डरमध्ये लिहायला लोक विसरतात. लाइन कॅच टँकमध्ये न्या आणि सपोर्ट काढताना डिस्चार्जचा धक्का धरा.

धागाकर्ता

मनापासून आभार. व्हॅक्यूम वापरतो आम्ही, ते माझ्या स्पेसिफिकेशनमध्ये नव्हतं. सॅम्पल चाचणीला पाठवतोय. तोवर फॉर्मॅलिनच्या लाइनला रिस्ट्रिक्शन ऑरिफिस (प्रवाह मर्यादित ठेवणारी छोट्या भोकाची चकती) आणि स्टरर बंद पडला किंवा तापमान चढलं की डोसिंग थांबेल असा इंटरलॉक मागितलाय.

एक अडचण उरते: डोमवर मोठं नोझल नाही. मॅनहोलच्या झाकणावर डिस्क होल्डर बसवलेला कुणी वापरलाय का? दर बॅचला झाकण उघडावं लागतं, तेव्हा व्हेंट लाइनचं काय करता?